सगळ्यांच्या आधी अव्वल

कारभारी शेठचं शेवगावात मंगल कार्यालय आहे. माणूस वाईट नाही, पण धंदा म्हणजे तारीख धरणं, एवढंच त्यांना आयुष्यात कळलं. तारीख धरली की कार्यालय आपलं. आचारी, बँडवाला, नवरदेवाचा घोडा, सगळं नंतर बघता येतं. अशा माणसानं व्हिडिओ गेमचं मशीन काढायचं ठरवलं आणि मी त्यासाठी पुण्याची नोकरी सोडून आले. दोघांत वेडं कोण, हे अजून ठरायचंय.

मशीनचं नाव अव्वल. टीव्हीला जोडायचं, हातात रिमोट धरायचा आणि खेळायचं. सुटे भाग बाहेरून यायचे. आतला एकुलता एक खेळ मी लिहीत होते. उसानं भरलेली टायरगाडी फडातून निघते, पुढं दोन बैल, वाटेत चढ-उतार, एक ओढा, आणि शेवटी साखर कारखान्याचं गेट. तिथं गाड्यांची रांग, वजनकाटा, मग ऊस खाली करायचा. माझे आई-वडील जामखेडकडून दरवर्षी ऊसतोडीला जायचे. त्या गाडीवर मी लहानाची मोठी झाले, म्हणून हा खेळ मला नीट करायचा होता. कुणीतरी तो शेवटपर्यंत खेळावा, एवढीच माझी हाव होती. ऑगस्टपर्यंत होईल, असं शेठना सांगितलं होतं.

एप्रिलात बातमी आली की नगरची एक कंपनी दिवाळीला असंच मशीन काढतेय, तेही बारा खेळांचं. शेठचं जेवण उडालं. त्याच आठवड्यात कार्यालयातलं अकरा मेचं एक लग्न मोडलं. मांडव सांगितलेला, आचारी ठरलेला, जिलेबीचं तूप येऊन पडलेलं. शेठना यात ईश्वरी संकेत दिसला आणि त्यांनी ती तारीख अव्वलसाठी धरली. मी परोपरीनं सांगितलं, की गाडी अजून कारखान्यापर्यंत पोचत नाही, निम्म्या वाटेवर रस्ताच संपतो.

"सुकन्या, लोकं जेवायला येत्यात," शेठ शांतपणे म्हणाले. "गाडी कुठवर गेली ते कोन बघतंय? पयला कोन आला ते बघत्यात."

माझं डोकं सणकलं, पण पगार त्यांचाच होता. रस्ता संपल्यावर गाडी हवेत जाऊन पडू नये म्हणून मी तोच रस्ता पुन्हापुन्हा जोडून दिला. तीच चिंच, तोच ओढा, तेच चहाचं हॉटेल. गाडी कितीही हाका, कारखाना येणारच नाही अशी सोय करून ठेवली.

अकरा मेला सकाळी अकराचा कार्यक्रम होता, म्हणजे माजी सभापती वैजनाथराव अडीचला आले. आधी एकेचाळीस जणांचा फेटा, शाल, श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यात मशीन ठेवायचं टेबल देणाऱ्या मंडपवाल्याचाही झाला. मशीनमधला खेळ लिहिणारी मी मात्र पडद्यामागं वायर धरून उभी होते. मग वैजनाथरावांच्या हातात रिमोट दिला. गाडी निघाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चिंच आली, ओढा आला, पुन्हा चिंच आली. मागं कार्यकर्ते प्रत्येक चिंचेला टाळ्या वाजवत होते. आता माझी लाज निघणार, हे मी धरूनच चालले. चाळीस मिनिटांनी साहेबांनी रिमोट ठेवला आणि माइक मागितला.

"मी लई खेळ बघितले," ते म्हणाले. "पन ज्याच्यात हरायचं कामच न्हाई, असा खेळ पयल्यांदा बघितला."

टाळ्यांनी मांडव दणाणला. एवढं फिरून आपण कुठंच पोचलो नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी त्यांना त्यात नवीन काही वाटलं नसावं.

जाताना साहेबांनी पन्नास मशीन सांगितली. खेळायला नव्हे, सत्काराला. आपल्याकडं सत्कारात भिंतीवरची घड्याळं देऊन देऊन लोकांच्या भिंती संपल्यात. अव्वलचा डबा मोठा, चकचकीत, वर बैलांचं चित्र, फोटोत छान दिसतो. मग धडाकाच लागला. निवृत्त मुख्याध्यापकांना अव्वल, दहावीच्या गुणवंतांना अव्वल, सोसायटीच्या नव्या चेअरमनला अव्वल. ज्याला मिळालं तो डबा न उघडता पुढच्या सत्काराला नेऊन देई. एकदा फिरत फिरत आमचाच डबा शाल-श्रीफळासह कारभारी शेठना मिळाला. मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल. ते म्हणाले, बघ, मार्केटमधी कसं फिरतंय.

दिवाळीला नगरच्या कंपनीचं बारा खेळांचं मशीन आलं आणि आपटलं. आयोजकांना विचारलं तर ते म्हणायचे, सत्काराला अव्वलच देतात, दुसरं काही दिलं तर पाहुण्याला राग येतो. शेठ खरे ठरले याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

माझा खेळ ऑगस्टातच पुरा झाला होता. गेट, रांग, काटा, सगळं. तो नव्या डब्यांत घालू, असं मी शेठना चारदा म्हणाले. चारही वेळा त्यांनी एकच विचारलं, एक तरी तक्रार आलीय का? नव्हती. डब्यावर तक्रारीसाठी माझाच नंबर छापलेला होता आणि तो मुका होता. माझा खेळ तालुक्याच्या कपाटांवर धूळ खात होता आणि मी त्याच्या यशाचे पेढे खात होते. अपयशावर निदान रडता तरी येतं. या यशाचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

जानेवारीत फोन वाजला. खर्ड्याहून बायडाबाई नावाची एक म्हातारी बोलत होती. तिचा मुलगा भागवत ऊसतोडीचा मुकादम. हंगामाच्या सुरुवातीला त्याचा सत्कार झाला, त्यात मिळालेला अव्वलचा डबा घरी ठेवून तो टोळी घेऊन गेला. हिनं डिशवाल्याकडून मशीन टीव्हीला जोडून घेतलं होतं. दोन महिने रोज दुपारी ती गाडी हाकत होती.

"बाई, माझं काय चुकतंय का?" तिनं विचारलं. "कारखाना कवा येतो?"

दोन महिन्यांत तिनं मशीनला एकदाही दोष दिला नव्हता, स्वतःलाच दिला होता. शेठना सांगितलं, तर ते दचकले आणि डब्याला चिकटपट्टीचे दोन वेढे दे, कुणी उघडायला नको, असं म्हणाले. मी पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप पिशवीत टाकला आणि खर्ड्याची एसटी धरली.

बायडाबाईच्या घरात मी नवा खेळ घातला आणि रिमोट तिच्या हातात दिला. तिनं गाडी हाकली. माझ्या ओढ्यात बैल कुठं अडतात ते तिला पाठ होतं. चिंच गेली, हॉटेल गेलं आणि पहिल्यांदाच कारखान्याची चिमणी दिसली. ती सावरून बसली. रांगेत तिनं घाई केली नाही. काटा झाला, ऊस खाली झाला, पडद्यावर मी रंगवलेली अक्षरं आली: खेळ पूर्ण. माझे डोळे भरून आले. दीड वर्षानं कुणीतरी शेवटपर्यंत पोचलं होतं.

बायडाबाईनं रिमोट खाली ठेवला नाही. ती एकेक बटण दाबून बघत होती.

"काय शोधताय मावशी? झालं की," मी म्हणाले.

"ऊस झाला," ती म्हणाली. "आता बैलं सोडायची कशी? सकाळपासनं जुपल्यात."

ते मी लिहिलंच नव्हतं. जू काढणं, पाणी दाखवणं, वैरण टाकणं, काहीच नाही. गाडीवर लहानाची मोठी झालेली मी खेळ पूर्ण म्हणून मोकळी झाले होते. पडद्यावर दोन्ही बैल अक्षरांखाली तसेच उभे होते.

शेवटची एसटी पाचला होती. मी जमिनीवर मांडी घातली, लॅपटॉप उघडला आणि बायडाबाईला विचारलं, आधी कोणता बैल सोडायचा.