निळ्या पेटीतल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, माझ्या तिसऱ्या कप्प्यात एक निळी पेटी आहे. तिच्यातल्या कुप्यांवर तारखा आहेत, तासांचे आकडे आहेत. आत वाचण्याजोगे काहीच उरलेले नाही. तरी ती कोणी टाकत नाही आणि मलाही ती विसरता येत नाही. मी कोथरूडच्या एका प्रयोगशाळेतला जुना फ्रीजर आहे. शून्याखाली ऐंशी अंशांची थंडी सांभाळणे एवढेच माझे काम.

नवा होतो तेव्हा माझे कौतुक फार. पुढे धोक्याचा भोंगा बिघडला आणि दुरुस्तीचा अर्ज धूळ खात पडला. तरी ऋचाताईने चार वर्षांचे संशोधन माझ्याच हवाली केले. हडपसरच्या गुलाबमळ्यातली राखाडी बुरशी पानावर कशी मात करते, हे ती शोधत होती. बुरशीच्या पेशीत आरएनएचे रेणू असतात. काही जनुकांचे निरोप नेतात, काही प्रथिने बांधायला माल पुरवतात, काही त्या कारखान्याचाच भाग असतात. सगळ्यांत लबाड ते इवले रेणू. ते गुपचूप पानाच्या पेशीत शिरतात आणि पानाचा प्रतिकारच मुका करतात. ऋचाताई या सगळ्यांना चिठ्ठ्या म्हणायची. उबेत त्या बघता बघता तुटतात, म्हणून तिने बुरशी लावल्यापासून तासातासाला पाने गोठवून मला दिली होती.

शिपाई अनंतकाका मला मायेने पुसायचे. खंडेनवमीला त्यांनी मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली, हात जोडले आणि माझे बटण बंद केले.

"दमलास बाबा. दोन दिवस पड जरा," ते म्हणाले.

भोंगा नसल्यामुळे मला ओरडता आले नाही. एकेक चिठ्ठी तुटताना मला कळत होते. सुट्टी संपल्यावर काकांनी फरशीवरचे पाणी टिपले, मला सुरू केले आणि सगळे पुन्हा गोठले. बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नव्हते. ऋचाताई रोज माझ्या दारावर हात ठेवून जायची आणि मी नुसता गुरगुरत राहायचो. ते दिवस मला फार खायला उठतात.

दिवाळीनंतर तिने पहिली कुपी तपासली, मग दुसरी, मग सगळी पेटी.

"सगळं तुटलंय, मॅडम."

तिच्या मार्गदर्शक मंदाकिनीबाईंनी विचारले, "वीज गेली होती का मध्ये?"

काका दारातच थबकले. "वीज नव्हती गेली, बाई. खंडेनवमीला मीच बंद केला. कारखान्यात होतो तेव्हा त्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून पुजायचो आम्ही. ताई, पुन्हा करता येईल ना?"

"मळ्याच्या जागी इमारती झाल्यात, काका. ती बुरशी आता कुठून आणू? मला विचारायचं तरी!"

तिने संशोधनाचा विषयच बदलला. पेटी मात्र राहू दिली.

यंदा खंडेनवमीला काकांनी मला एकच फूल वाहिले आणि दिवसभर स्टूल टाकून बटणाला पाठ लावून बसले. मला त्यांचा राग नाही. पण नवव्या तासाची कुपी अजून माझ्या पोटात आहे. त्याच तासाला ते पान मुके झाले होते. कसे, ते आता कोणालाच कळणार नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल, त्याला काय हवे ते आधी जाणून घ्या. मला विसावा नको होता.