बटणावरची टेप

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना, थकलेला एक्झॉस्ट फॅन आहे. नावाला पंखा, पण कुणाला कधी वारा दिला नाही. जन्मभर नुसता धूर ओढला. अंगावर तेलाचा असा चिकट थर बसलाय की माझा मूळ रंग मलाच आठवत नाही.

नवा होतो तेव्हा माझा काय रुबाब! मला या भिंतीत बसवलं ते घरच्या आबांनी. आबा पेशाने वायरमन. काम झालं की बोर्डावरचं प्रत्येक बटण ओळीने दाबून बघायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. सूनबाई तेव्हा कौतुकाने म्हणायच्या, "याच्यामुळे डोळे वाचले माझे." पुढे कौतुक आटलं. ते आटतंच.

मग माझा कंडेन्सर गेला आणि मी फिरायचाच थांबलो. आबा अख्ख्या कॉलनीची कामं करणार, पण घरचं काम निघालं की "करतो गं उद्या!" त्यांचा उद्या दोन महिन्यांनी उजाडला. तोवर बाहेरच्या बाजूने साळुंक्यांचं एक जोडपं माझ्याकडे राहायलाही आलं होतं. काड्या, चिंध्या, सुतळी, वहीचा कागद, काय वाट्टेल ते आणून माझ्या पाठीमागे कोंबलं. मला विचारलं? छे!

आबांनी कंडेन्सर बदलला आणि बटणाकडे हात नेला, तेवढ्यात नात ओरडली, "आबा, थांबा! आत अंडी आहेत!"

आबांनी पुन्हा स्टुलावर चढून पात्यांमागे पाहिलं. चार निळसर अंडी. "घ्या! फुकटे भाडेकरू," ते हसले आणि माझ्या बटणावर काळी टेप चिकटवली.

"आणि मी खोकत बसू?" सूनबाई म्हणाल्या.

"महिनाभर सांभाळून घे. पिल्लं उडाली की लावू."

सूनबाई कुरकुरल्या, पण खिडकी उघडून स्वयंपाक करू लागल्या. पिल्लं निघाली. दिवसभर आरडाओरडा, अळ्या आणून आणून आईबाप मेटाकुटीला आले. त्यातलं एक किडकिडीत पिल्लू भारी आगाऊ. ते सरळ माझ्या पात्यावर येऊन बसायचं. इतक्या वर्षांत माझ्याजवळ कुणी इतकं निर्धास्त बसलं नव्हतं. मला ते फार आवडायचं.

पिल्लं उडायला चार दिवस उरले असतील. आबांनी तडकलेला बोर्ड बदलला. जुन्या बटणांबरोबर टेपही गेली. काम संपलं आणि आबांचा हात सवयीने चालू लागला. पहिलं बटण, दुसरं, तिसरं. चौथं माझं.

मित्रांनो, मला थांबायचं होतं हो. पण पंख्याला बटणाचंच ऐकावं लागतं, आणि आबांची दुरुस्ती कधी कच्ची नसते. मी एका झटक्यात फिरलो.

आबांनी लगेच बटण बंद केलं. पण ते किडकिडीत पिल्लू फरशीवर पडलं होतं. ते हललं नाही.

आबा पिल्लाजवळ फरशीवर बसले. "टेप मीच लावली, आणि मीच विसरलो गं," एवढंच म्हणत राहिले. सूनबाई त्यांच्याजवळ बसल्या. नात रडत रडत स्टुलावर चढून आत मोजत होती, आणि पुन्हा पुन्हा तीनच भरत होती.

आईबाप समोरच्या तारेवर बसून कल्ला करत राहिले, आत येईनात. पिल्लं भुकेने ओरडून दमली. दुपारी आबांनी पक्कड घेतली आणि माझी वायरच कापून टाकली. "आता कुणी कितीही बटणं दाबू दे," ते नातीला म्हणाले. संध्याकाळी साळुंकी आत आली, चोचीत नाकतोडा. पाचव्या दिवशी तिघं उडाली.

आता समोरच्या भिंतीत जाळीवाला नवा पंखा आहे. पाहुणे विचारतात, "आबा, दोन वायरी तर जोडायच्यात, हा जुना बंद का?" आबा त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवतात.

तुम्हाला वाटेल, जुनी वस्तू आहे, आता म्हणेल मला जपा. अंगावरचं तेल पुसलंत तर बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? पण बटण दाबण्याआधी एकदा आत डोकावत जा. आणि मला मात्र दुरुस्त करू नका. यंदा माझ्या पाठीशी पाच अंडी आहेत.