कच्ची नोंद

सिस्टरनं कोरं गुळगुळीत कार्ड कारकुनाच्या हातात ठेवलं आणि दार पाठीनं अडवून ती तिथंच उभी राहिली.

"नाव सुचत नसेल तर नका देऊ. पहिलं अक्षर तरी द्या."

तिचंही बरोबर होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या त्या खोलीत सहा काचेच्या पेट्या होत्या, आणि नेमकं दोन बाळांच्या आयांचं नाव एकच. आदल्या संध्याकाळी एकीनं काढून दिलेलं दूध दुसरीच्या बाळाला जाता जाता राहिलं होतं. तेव्हापासून सिस्टरनं नियम काढला, की आईच्या नावावर भागायचं नाही. प्रत्येक पेटीवर बाळाचं स्वतःचं अक्षर हवं. पाच पेट्यांवर अक्षरं लागली. चार नंबरची, कारकुनाच्या मुलीची, तेवढी कोरी होती.

"उद्या देतो," कारकून म्हणाला.

"काल पण उद्याच म्हणाला होतात."

आता या माणसाकडे अक्षरांना काय तोटा? मुलींच्या शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं हजेरीपट लिहून त्याची बोटं वाकडी झाली होती, आणि पटावर कुठल्या अक्षराच्या मुलीचं काय होतं याबद्दल त्याची ठाम मतं होती. ती तो न विचारताही सांगत असे. 'अ'ची मुलगी म्हणजे पहिला नंबर. तोंडी परीक्षेला पहिली, लस टोचायला पहिली, आणि बाई घरून चिडून आल्या असतील तर त्या रागाचीही पहिली धनी तीच. तो स्वतः 'अ'चा होता, त्यामुळे हे सगळं त्यानं भोगलेलं. 'ह'ची मुलगी शेवटची. तिची पाळी येईपर्यंत घंटा होते. त्याची बायको 'ह'ची. चौथीत असताना तिनं एक कविता वर्षभर पाठ करून ठेवली होती. ती म्हणून दाखवायची वेळ काही आली नाही, आणि कविता अजून तिच्याजवळ तशीच पडून आहे.

"मग मधलं द्या ना कुठलंतरी," बायको म्हणाली.

ती खालच्या मजल्यावर होती. टाके ओले असल्यामुळे कूस बदलताना ओठ चावत होती. कारकून तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून वहीत मधली अक्षरं लिहीत होता. 'प' लिहिला आणि खोडला, कारण 'प'च्या मुली हल्ली फार झाल्यात, एकेका वर्गात अकरा-अकरा. 'ब' खोडला. 'र' खोडला. त्याच्या ताईनं फोनवर चार अक्षरं सुचवली, चारींतही त्यानं खोट काढली. शेवटी ताई वैतागली आणि म्हणाली, अरे, तू मुलीला नाव ठेवतोयस की नावं ठेवतोयस?

ताईचं बोलणं बायकोला ऐकू आलं, पण ती हसली नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती. वहीत तो पेन्सिलनं लिहीत होता. खिशाला नेहमीची दोन पेनं लावलेली होती, एक निळं आणि एक लाल, पण मुलगी झाल्यापासून त्यानं त्यांना हात लावला नव्हता.

अडलं होतं ते अक्षरापाशी नव्हतंच. पाच वर्षांपूर्वी त्यांना एक मुलगी झाली होती, तीही अशीच घाईनं आलेली. तेव्हा कारकुनाला आनंद आवरेना. त्याच दुपारी त्यानं तिचं नाव ठरवलं, शाळेत जाऊन एका कोऱ्या अर्जावर निळ्या शाईनं ते झोकात लिहिलं, वर सहा वर्षांनंतरचं साल टाकलं आणि अर्ज प्रवेशाच्या फायलीत लावून आला. सगळ्या ऑफिसानं त्याची थट्टा केली. मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. शाळा सोडलेल्या मुलीचं नाव लाल शाईची रेघ मारून पटावरून कमी करायचं, हे काम त्यानं डोळे झाकून हजारदा केलं होतं. पण त्या अर्जाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. तो अजून फायलीतच होता. आणि तेव्हापासून कारकुनाच्या मनानं घेतलं होतं, की लिहिलेलं नाव कमी होतं. न लिहिलेलं कोण कमी करणार?

हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. बायकोला ते सांगायची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी सिस्टरनं शेवटचं सांगितलं. आज अक्षर मिळालं नाही, तर ती आपल्या मनानं 'ढ' लावणार. मग बसा. शाळेच्या माणसाला ही धमकी बरोबर लागू पडली. तो काचेजवळ गेला. मुलीची टोपी घसरून डोळ्यांवर आली होती आणि तिला काहीच दिसत नसताना ती एका पायानं पेटीच्या भिंतीला लाथा घालत होती. एवढीशी तर होती. कारकुनानं कानावरची पेन्सिल काढली, कार्ड भिंतीवर टेकवलं आणि 'म' काढला.

सिस्टरनं कार्ड उजेडात धरलं.

"हे मला चष्मा लावूनसुद्धा दिसायचं नाही."

"कच्ची नोंद आहे," तो म्हणाला. "कागदपत्रं पुरी झाली की शाईनं करू. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

सिस्टरनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कार्ड पेटीला चिकटवलं.

त्यानंतर तो शाळेआधी एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा यायचा. आधी अक्षर बघायचा, मग मुलगी. वजन दहा ग्रॅमनं वाढायचं, वीसनं उतरायचं. नवव्या दिवशी यंत्र वाजायला लागलं तेव्हा सगळ्यांना बाहेर काढलं. तो जिन्यात बसून राहिला, आणि आत बोलावल्यावर त्यानं पहिल्यांदा कार्डाकडेच पाहिलं. 'म' जागेवर होता. दुसऱ्या आठवड्यात तो जरा ठळकही वाटायला लागला. डोळ्यांना सवय झाली असेल, असं कारकुनानं ठरवलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, न्या आता घरी. कारकुनानं विचारलं, आज? डॉक्टर म्हणाले, आज. त्यानं पुन्हा विचारलं, तर ते हसून पुढच्या पेटीकडे गेले. कारकून खुर्चीवर बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. रडून झाल्यावर त्याला अंग हलकं झाल्यासारखं वाटलं आणि सपाटून भूक लागली.

सिस्टरनं पेटीवरचं कार्ड सोडवून त्याच्या हातात दिलं.

"आता तरी शाईनं करा. रोज पेन्सिलनं गिरवून बिचारीचा हात मोडला."

"कुणाचा?"

सिस्टरला वाटलं होतं त्याला ठाऊक असेल. पेट्या सकाळ-संध्याकाळ औषधाच्या पाण्यानं पुसतात, ती म्हणाली. त्याचा 'म' पहिल्याच संध्याकाळी पुसला गेला होता. ती स्वतः जाड पेनानं लिहायला निघाली होती, पण त्याच्या बायकोनं तिला थांबवलं. पेन्सिलच राहू दे म्हणाली. मग टाके ओले असताना ती भिंतीला धरून जिना चढून यायची, दिवसातून दोनदा, आणि तो यायच्या आत अक्षर काढून जायची.

बायको खिडकीजवळ मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि टोपीचा बंद बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"काय सांगू? पुसलं गेलं म्हणून?"

त्यानं कार्ड उलटं केलं. चिकटवलेल्या बाजूला निळ्या शाईत, 'म'पासून सुरू होणारं, मुलीचं पूर्ण नाव होतं. खाली तारीख होती, त्यानं अक्षर दिलं त्या दिवसाची.

"अक्षर तुम्ही दिलंत, त्याच संध्याकाळी कार्ड सोडवून पुढचं मी लावलं," बायको म्हणाली. "त्याच दिवसापासून याच नावानं हाक मारतेय तिला. अठरा दिवस झाले." तिनं बंदाची गाठ मारली. "काही झालं नाही हो."

कारकुनानं ते नाव एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खिशातलं निळं पेन काढून पुढच्या बाजूचा 'म' गिरवला. सावकाश, वळणदार, पहिलीच्या पाटीवर काढतात तसा.

तेवढ्यात सिस्टर घरी जाणाऱ्यांची यादी घेऊन दारात आली. आज तीन बाळं जायची होती. तिनं पहिलं नाव वाचलं, त्या बाळाची आजी हो म्हणाली. मग तिनं दुसरं नाव वाचलं. आधी मुलीचं, मग वडलांचं, मग आडनाव, अगदी पटावर असतं तसं.

कारकून उभा राहिला. बाई रजेवर असल्या की वर्गात जाऊन त्यानं पट पुष्कळदा वाचला होता. उत्तर द्यायची पाळी मात्र लहानपणानंतर आली नव्हती.

"हजर," तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की सहा नंबरच्या पेटीतलं बाळ दचकून रडायला लागलं आणि सिस्टरनं त्याला हळू बोलायला सांगितलं.