एकाच बाजूच्या खुणा

पार्लरचं शटर वर करायला ती बाहेर आली, तेव्हा भिंतीवरची लाल खूण अजून ओली होती. पोरांचा चाळा असेल म्हणून तिने फडकं आणायला पाऊल उचललं आणि सहज शेजारी पाहिलं. इस्त्रीवाल्याच्या भिंतीवर तशीच खूण होती. त्याच्या पुढच्या घरावर होती, त्याच्याही पुढे, पार वळणापर्यंत. पलीकडच्या रांगेत मात्र एकाही भिंतीला रंगाचा टिपूस लागलेला नव्हता.

मोजणीवाला टेप गुंडाळत येत होता. तिने त्याला अडवलं.

"रस्ता रुंद करायचाय," तो म्हणाला. "या बाजूची जागा जाणार."

"किती?"

तिने शटर अर्धं वर केलं. तो जरा घुटमळला, मग वाकून आत आला. आरसे, खुर्च्या ओलांडून केस धुवायच्या बेसिनपाशी थांबला आणि हाताने हवेत एक रेघ ओढली. बेसिनच्या मागून. म्हणजे पुढची अख्खी खोली.

"आणि समोरची बाजू?"

"आम्हाला एकाच बाजूचं सांगितलंय, ताई," तो म्हणाला आणि तिची नजर चुकवून निघून गेला.

गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर टॉवर उभा राहत होता. तेव्हापासून या रस्त्याने दिवसभर डंपर आणि सिमेंटचे मिक्सर जात होते. खिडकीच्या काचा थरथरत, कपडे वाळत घालायची सोय उरली नव्हती. तिची सासू थोरल्या मुलाकडे, म्हणजे रस्त्यापलीकडे राहायची आणि रोज दुपारी जेवण झालं की रस्ता ओलांडून धाकट्याकडे यायची. मागे एकदा एका मिक्सरचा आरसा म्हातारीच्या पिशवीला अडकला. ती गरकन फिरून पडली. हाड मोडलं नाही, एवढंच. त्या दिवशी दोन्ही बाजूची माणसं पहिल्यांदा एकत्र बसली. समिती झाली. थोरले दीर अध्यक्ष झाले. त्यांना अख्खी गल्ली दादा म्हणायची. फोन करणं, माणसं जमवणं तिच्याकडे आलं. मागणी एकच होती: गाड्या मागच्या कालव्याच्या रस्त्याने न्या. तिथला पूल कच्चा होता, तो बिल्डरने आधी पक्का करावा. गेल्याच आठवड्यात दादा सगळ्यांच्या वतीने पालिकेच्या इंजिनिअरला भेटून आले होते. "बोलणी चालू आहेत," एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

शटर तसंच अर्धवट ठेवून ती पलीकडे गेली.

दादा पेपर वाचत होते. तिला पाहून त्यांनी पेपर खाली ठेवला नाही, आणि तिला काय ते कळलं.

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बस आधी."

"बसायला नाही आले मी."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घेतलं असतं तर सगळीच घरं खिळखिळी झाली असती. माझा पुढचा खांब गेला तर वरचा मजला उभा राहील का? एका बाजूने घेतलं तर निदान अर्धी गल्ली वाचते."

"तुमची अर्धी."

"तुझं काय, पुढे दुकानच आहे. मागे घर राहतंच की."

"त्या दुकानावर घर चालतं, भाऊजी. आणि पुलाचं काय झालं?"

"पुलाचं होत नाही," दादा म्हणाले आणि चष्मा पुन्हा चढवला.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाई उभी होती. हातातलं पातेलं पुसून कोरडं झालं होतं, तरी ती पुसत होती. तिने वर पाहिलं नाही. आतल्या खोलीतून सासूने विचारलं, "कोण आलंय गं?"

नवरा बसवर ड्रायव्हर होता. दुपारी ड्युटीवरून आला, खूण पाहिली, आत येऊन बेसिनपाशी उभा राहिला. तिने सगळं सांगितलं.

"दादाने काहीतरी विचार केला असेल," तो म्हणाला.

"केलाय ना. स्वतःच्या खांबाचा."

"त्यानेच मला शिकवलंय. मी त्याच्यापुढे तोंड वर करून कसं बोलू?"

"मग मी बोलते. संध्याकाळी समितीची सभा आहे, इंजिनिअरही येणार आहे. तू नुसता ये. माझ्या शेजारी बस, एवढं तरी कर."

सभा संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये होती. एरवी माणसं मिळेल त्या खुर्चीवर बसायची. त्या दिवशी मधली वाट सोडून दोन बाजूंना बसली, रस्त्यावर घरं होती तशीच. इस्त्रीवाला पलीकडच्या दूधवाल्याच्या रोजच्या बैठकीतला, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. नवरा तिच्या शेजारी बसला खरा, पण मान खाली घालून. दादा पुढे, इंजिनिअरच्या बाजूच्या खुर्चीवर होते.

इंजिनिअरने पडद्यावर नकाशा दाखवला. तिच्या बाजूची माणसं एकदम बोलू लागली. कोणाचा जिना जात होता, कोणाची चूल जात होती. पलीकडची माणसं मूग गिळून बसली होती.

ती उभी राहिली. "आम्ही रुंद रस्ता मागितलाच नव्हता. आम्ही पूल मागितला होता. रस्ता रुंद झाला की गाड्या वाढतील, कमी होणार नाहीत. हे ठरलं कधी? कोणाला विचारून?"

"तुमच्या अध्यक्षांची संमती आहे," इंजिनिअर शांतपणे म्हणाला.

हॉलमध्ये कुजबुज उठली. "घरातच फितुरी," मागून कोणीतरी म्हणालं. इस्त्रीवाला खुर्ची मागे ढकलून उठला आणि दादांच्या दिशेने निघाला. नवऱ्याने पटकन उठून त्याचा दंड धरला. "सोड मला," इस्त्रीवाला म्हणाला. "तुझा भाऊ म्हणून आजवर गप्प होतो." क्षणभर असं वाटलं की आता हातापायीवर येणार.

"थांबा. मला बोलायचंय."

आवाज पलीकडच्या बाजूने आला होता. जाऊबाई उभी होती. ती कधी सभेत बोलली नव्हती. सभेला यायची ती सासूला धरून आणायला. आजही एक हात सासूच्या खांद्यावर होता.

"तू बस," दादा म्हणाले.

"नाही बसत. हे इंजिनिअरला भेटायला गेले, त्याच्या आदल्या दिवशी बिल्डरचा माणूस आमच्या घरी आला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो ह्यांना सांगत होता, एका बाजूचं घ्यायचं ठरवा, म्हणजे माणसं आपापसातच भांडतील. मग पुलाचं नाव कोणी काढणार नाही. मी कप ठेवले आणि आत गेले. मला वाटलं, घर वाचतंय ना, मग गप्प राहावं. पण आज सकाळी ही दारात आली, आणि मला तिच्याकडे बघवेना."

दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंजिनिअरने पडद्याकडे पाहिलं, मग कागद सारखे केले.

दूधवाला सावकाश उठला. त्याचं घर पलीकडे होतं, सुरक्षित. "पूल आधी," तो म्हणाला. "तोवर आमच्या बाजूच्या कोणाचीही संमती नाही." तो वाट ओलांडून इस्त्रीवाल्याजवळ येऊन उभा राहिला. मग आणखी एक उठला, मग त्याची बायको.

त्या संध्याकाळी काही ठरलं नाही. इंजिनिअर "वर कळवतो" म्हणून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बाजूची माणसं मिळून पालिकेच्या दारात बसायला लागली, आणि अध्यक्ष दूधवाला झाला. बरेच खेटे घातल्यावर पुलाचं काम निघालं. मिक्सर कालव्याकडून जाऊ लागले, रस्ता रुंद करायचं प्रकरण मागे पडलं. रद्द झालं असं मात्र कोणी लिहून दिलं नाही. टॉवरमध्ये माणसं राहायला आली, तशा त्यांच्या गाड्या याच रस्त्याने धावू लागल्या. तो त्रास आजही आहे.

त्या सभेच्या रात्री जाऊबाई स्वतःच्या घरी थांबली नाही. सासूला पलीकडे सोडलं आणि इकडे येऊन पार्लरच्या खुर्चीत बसली.

"मला आज इथे राहू दे," ती म्हणाली. "ते बोलणार नाहीत माझ्याशी. आता किती दिवस, देव जाणे."

"राहा की, ताई."

"तुला सकाळीच सांगायला हवं होतं मी."

पार्लरवालीचा राग पुरता गेला नव्हता. पण तिने दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. नवरा दारात उभा होता. पलीकडे ओट्यावर दादा एकटेच बसलेले दिसत होते. त्यांच्यासमोरून जाणारा कोणीही थांबत नव्हता. नवऱ्याने चप्पल घालून रस्ता ओलांडला आणि भावापासून जरा अंतर ठेवून ओट्यावर टेकला.

"दादा, तुझं चुकलं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता, म्हणून शब्द जड निघाले.

दादा उठून गेले नाहीत. आज घरात वाढायला कोणी नव्हतं, म्हणून मग नवरा आत जाऊन आईला जेवायला वाढू लागला.