गार हात

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात तिला सगळे ‘शेगडी’ म्हणत. चौदा वर्षांची नोकरी, आणि हात कायम ऊबदार. नव्या सिस्टर आल्या की पहिला धडा तीच द्यायची. “हात कोपरापर्यंत धुवा, कोरडे करा, मग चोळा. तळवा आपल्याच हाताच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. ऊब लागली तरच बाळाच्या काचेच्या पेटीत हात घालायचा. झोपेत तुमच्या पाठीवर कुणी बर्फाची लादी ठेवली तर चालेल का?” मुली हसत आणि धडा विसरत नसत.

त्या महिन्यात कक्षातली तीन बाळं गेली. शेगडीने तिघांच्या नळ्या काढल्या, तिघांना दुपट्यात गुंडाळून आयांच्या हाती दिलं. रडू आलं नाही. ‘चला, सवय झाली,’ असं तिने स्वतःला सांगितलं.

आज सकाळी चार नंबरच्या पेटीतल्या नऊशे ग्रॅमच्या बाळाचं दुपटं बदलायचं होतं. तिने हात धुतले आणि तसेच आत घातले. बाळ दचकलं, मूठभर छाती थांबली, यंत्र ओरडू लागलं. तिने तळपायाला टिचकी मारताच श्वास पुन्हा सुरू झाला. मोजून आठ सेकंद. असे गजर तिथे दिवसभर वाजत; कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काचेपलीकडे बसलेली बाळाची आई दुपारी म्हणाली, “ताई, तुमचा हात लागला की तो निवांत होतो. मला आता कळतं.”

शेगडीला तिच्याकडे बघवेना.

सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं, तर कक्षातून काढतील. आणि कक्ष सोडला तर तिची वाट बघणारं जगात होतं कोण? आई-वडील गेले होते, भाऊ सणासुदीला फोन करायचा. कामाची पाळी संपली, तरी ती कपडे बदलायच्या खोलीत तशीच बसून राहिली. मग उठून कक्षप्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेली.

“आज मी गार हात घातले. चार नंबरला. श्वास थांबला होता.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “आता कसं आहे?”

“ठीक आहे. पण मला आठवलंच नाही, बाई. चौदा वर्षांत पहिल्यांदा.”

“शेवटची रजा कधी घेतलीस?”

“रजा घेऊन काय करू? घरी बसून भिंती मोजू?”

“मोज. चार भरल्या नाहीत तर मला कळव.” मोठ्या बाई हसल्या नाहीत. “उद्यापासून तीन आठवडे इकडे फिरकायचं नाही.”

“शिक्षा आहे का?”

“अगं, शेगडीतली राखसुद्धा काढावी लागते. नाहीतर आतला निखारा गुदमरतो. तू ती कधी काढलीस?”

शेगडी पिशवी उचलून निघाली. बाहेर लख्ख ऊन होतं. एवढ्या उजेडी ती कित्येक महिन्यांत घरी गेली नव्हती; पाळी संपली तरी रोज अंधार पडेपर्यंत कक्षातच थांबायची. शेजारीण जिन्यात भेटली. “आज लवकर? बरं नाही का?” शेजारणीने विचारलं आणि उत्तराआधीच आपलं दार लावून घेतलं.

घरात चहा केला, तो निवून गेला. पाच वाजले तशी ती आपसूक उठली. ही चार नंबरच्या दुधाची वेळ. मोरीत जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मगच उमगलं की इथे पेटी नाही.

तरी तिने हात चोळले. बराच वेळ चोळले. मग उजवा तळवा डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवला.

गारच होता.

नव्या मुलींना ती अशा वेळी म्हणायची, “अजून थोडं. घाई नाही.” आज ते म्हणणारं कुणी नव्हतं. तिने तळवा उचलला नाही. तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर बसून, तो तसाच धरून ठेवला.