चौथ्या भागात बुडालेली नावाडीण

आकाशगलबतांच्या कादंबरीमालेचा बारावा आणि शेवटचा भाग छापखान्यात गेला, आणि मुद्रितशोधकांचा फोन आला. "बाई, शेवटी गलबत घरी आणणाऱ्या नावाडिणीला तुम्ही चौथ्या भागातच मारलंय."

लेखिकेच्या पायाखालची जमीनच सरकली. नावाडिणीशिवाय शेवट उभाच राहत नव्हता आणि दुपारी छपाई सुरू होणार होती. ती चौथ्या भागासाठी कपाट उपसू लागली.

कपड्यांच्या घड्या घालत बसलेली तिची ताई म्हणाली, "मेली कुठे? वादळात खाली समुद्रात पडली. सगळे रडले, पण प्रेत कुणाला सापडलं? शेवटून दुसरं प्रकरण बघ."

लेखिकेने पुस्तक काढून ते प्रकरण उघडलं. खरंच, सापडला होता तो नुसता तिचा अंगरखा! तिने घाईघाईने मुद्रितशोधकांना फोन लावला. "ती कशी वाचली, एवढा एक परिच्छेद घालते. तासाभरात पाठवते."

"हुश्श! घाला," मुद्रितशोधक म्हणाले.

फोन ठेवून ती ताईकडे वळली. "हे उडतं खूळ मी वाचत नाही म्हणायचीस ना गं?"

"वाचत नाहीच. चाळते," ताई घडीवरून हात फिरवत म्हणाली. "बाराही भाग."

इतक्या वर्षांत लेखिकेला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसून ती लिहायला बसली.