पाठीला पाठ

बटणचा बाप बसच्या सीटा शिवायच्या कारखान्यात कामाला होता, आणि एकदा सुई हातात घेतली की तो कुणाचं ऐकत नसे. लेकीला पाठीवर घेऊन डोंगर चढायचं ठरलं, तेव्हा दुकानातल्या पाठपिशव्या त्याने चाचपून पाहिल्या, त्यांचे पट्टे ओढून पाहिले, ‘ही काय शिवण म्हणायची?’ असं पुटपुटला आणि हात हलवत परत आला. मग कारखान्यातलं उरलंसुरलं जाड कापड, जुने पट्टे आणि एक हलकी चौकट जमवून त्याने स्वतःच पाठीवर घ्यायची खुर्ची शिवली. हत्ती बसवला तरी दोरा तुटणार नाही अशी शिवण. फक्त एक गोष्ट झाली. इतकी वर्षं सीटा शिवून त्याच्या हाताला एकच ठाऊक होतं, की सीटेची पाठ चौकटीला टेकते. त्याने ती टेकवली. खुर्ची चढवून आरशासमोर उभा राहिला तेव्हा कळलं, की लेक बापाच्या पाठीला पाठ लावून बसणार आणि तिचं तोंड मागे असणार.

बायको हसून हसून खाली बसली. लोकांची मुलं पुढे बघत मोठी होतात, आपली मागे बघत होणार, असं म्हणाली. पडणार तर नाही ना, मग झालं तर, हे त्याचं उत्तर. घातलेली शिवण उसवायची म्हणजे त्याला चारचौघांत नाक कापल्यासारखं वाटे. पुढच्या सुट्टीला नीट करून देतो, एवढ्यावर भांडण मिटलं.

बटण हे तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती आणि नाक तर नावालाच, म्हणून बापाने ठेवलेलं ते नाव. पण त्या दिवसांत नावाचं कौतुक करायलाही कुणाला उसंत नव्हती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हाताऱ्यांना होतो तो तान्ह्या लेकरालाही होतो, हे या दोघांना तोवर माहीतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि रबरी पट्ट्याने डोक्याला बांधलेला जाड भिंगांचा चष्मा आला. आता ती दीड वर्षाची होत आली होती. जमिनीवरचा कण न् कण तिला दिसे, आणि तो थेट तोंडात जाई. पण लांबचं? ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, डोळे छान आहेत, बाकी तीच सांगेल तुम्हाला, वाट बघा.

वाट बघा म्हणणाऱ्याचं काय जातं? बाप रोज संध्याकाळी तिला खिडकीत घेऊन उभा राही. ते बघ विमान, तो बघ चांदोमामा, ती बघ समोरच्या गच्चीवरची मांजर. त्याने बोट दाखवलं की ती बोटच बघायची, आणि मग ते धरून चावायची. तो मोठ्याने हसायचा. जीव मात्र टांगणीला लागलेला असायचा. बायको त्याच्या माघारी दुपारी त्याच खिडकीत उभी राहून तेच करते, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला. दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

बायको टपाल वाटायची, रोज दुपारपर्यंत पायी. तिला डोंगर म्हणजे अंगण. ती सरसर पुढे गेली आणि हा मागून भात्यासारखा फुसफुसत चालला. पायवाट आधी झाडीतून जात होती. पाठीवर बटणचं बोलणं अखंड चालू होतं, त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ. तिच्या टाचा चौकटीवर ठकठक वाजत होत्या. बाप तिला सगळं समजावून सांगत होता, हा बघ केवढा खडक, ते बघ वर, तिथे जायचंय आपल्याला. बायको वरून ओरडली, की अरे, तू दाखवतोस ते तिला दिसतच नाही, ते मागे गेल्यावर दिसतं. तरी त्याचं तोंड बंद झालं नाही. गप्प चालावं तर मनात खिडकी येई.

झाडी संपली. पुढे नुसता गवताचा उघडा उतार होता आणि वारा. तो मान खाली घालून चढत राहिला, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की पाठीवरचं बोलणं थांबलंय. टाचाही थांबल्यात.

झोपली असेल. पण झोपलेलं मूल पाठीवर सैल पडतं, त्याचं वजन वाढतं, हे कुठल्याही बापाला कळतं. ही सैल नव्हती. ताठ होती. त्याने हाक मारली. हूं नाही की चूं नाही. पट्टा कुठे रुतला का, श्वास अडकला का, काय झालं? हात मागे पोचेना. त्याने बायकोला अशा आवाजात बोलावलं, की ती पळतच खाली आली आणि वळसा घालून त्याच्या मागे गेली.

मागे गेली आणि तिची पावलं तिथेच थांबली.

“अगं, काय झालं तिला?”

“काही नाही,” ती म्हणाली. आवाज ओळखीचा वाटेना. “बघतेय.”

“काय बघतेय?”

तो स्वतःच बघायला गर्रकन वळला. खाली केवढी तरी दरी उघडली होती, एवढंच त्याला दिसलं, कारण तेवढ्यात पाठीमागे बटणने आकांत मांडला. दोन्ही टाचा चौकटीवर आपटून ती रडत होती. आता तिच्यासमोर फक्त डोंगराची भिंत होती.

“मागे फीर,” बायको म्हणाली.

तो फिरला. रडणं दोरा तोडावा तसं तुटलं. मग तो मुद्दाम, अगदी सावकाश, पुन्हा दरीकडे वळला. पुन्हा आकांत. पुन्हा डोंगराकडे. पुन्हा शांत.

त्याने दोन्ही पाय गवतात घट्ट रोवले.

“खाली ढगाची सावली पळतेय,” बायको हळूच सांगू लागली. “एक मोठीच्या मोठी. आत्ता शेतांवर आहे. आता नदीवर आली. बटण त्या सावलीच्या मागे मागे बघतेय रे. मान वळवतेय.”

ते तिने सांगायची गरज नव्हती. त्याच्या पाठीला ते कळत होतं. कापडाच्या गादीतून, दोन खांद्यांच्या मधोमध, ते एवढंसं डोकं एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे सरकत होतं, अगदी हळू, जेवढी ती सावली हळू असेल तेवढं. त्याच्या डोळ्यांसमोर गवत होतं आणि एक ओबडधोबड दगड. जगात इतकं मोठं काही आपल्या वाट्याला येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि ते सगळं त्याच्या पाठीमागे चाललं होतं. तो रडत होता आणि पुसायला हात वर करत नव्हता, कारण हलून चालणार नव्हतं.

मग खुर्ची एका बाजूला किंचित कलली.

“हात वर केला तिने,” बायको म्हणाली. “बोट दाखवतेय.”

“कशाला? कशाला दाखवतेय?”



“काय माहीत,” ती म्हणाली. “मी आपली तिच्या बोटाकडेच बघत बसलेय.”

शिखर राहिलं ते राहिलंच. उतरायला लागले तेव्हा नवाच घोळ झाला. सरळ उतरावं तर बटणसमोर पुन्हा डोंगर, आणि पुन्हा आकांत. तेव्हा तो उलटा उतरू लागला, डोंगराकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत. बायको पट्टा धरून शेजारी चालत होती आणि इथे खड्डा, इथे दगड, असं सांगत होती. वर येणारं एक जोडपं थांबून टकामका बघत राहिलं. पाठीवर बटणची बडबड पुन्हा सुरू झाली होती. खालचं सगळं ती कुणाला तरी समजावून सांगत होती.

झाडी जवळ आली तेव्हा त्याने विचारलं, “मग पुढच्या सुट्टीला उसवू ना?”

बायकोने पट्ट्यावरची मूठ घट्ट केली.

“हात लावून तर बघ त्या शिवणीला,” ती म्हणाली.